छोट्या पक्षाचं नाव मतदान यंत्रावर कसं चढतं आणि तिथं कसं टिकतं

छाननीच्या दिवशी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या दालनात आमच्या उमेदवाराचा अर्ज चौदावा होता. दहा सूचकांच्या, म्हणजे उमेदवाराचं नाव सुचवणाऱ्या मतदारांच्या सह्या, यादी भाग क्रमांक, अनुक्रमांक हे सगळं मी स्वतः रात्री दोनपर्यंत बसून भरलं होतं. कारकून एकेक नाव मतदार यादीशी ताडत गेला आणि नवव्या नावाशी त्याचं बोट थांबलं. “या ताई या मतदारसंघात नाहीत, दादा.” ताईंचं वर्षापूर्वी लग्न झालं होतं. सासर नदीपलीकडे, म्हणजे शेजारच्या मतदारसंघात, आणि घरच्यांनी त्यांचं नाव तिकडे हलवून घेतलं होतं. माझ्याकडे जुनी यादी होती. दहाचे नऊ झाले आणि अर्ज बाद झाला. दीड वर्ष वाड्यावस्त्या पालथ्या घातलेला माणूस दालनाबाहेरच्या बाकावर हातात रिकामी फाईल घेऊन बसून राहिला. त्याच्याशी काय बोलावं ते मला सुचलं नाही.

त्या दिवसापासून मी सभांचं काम सोडलं आणि कागद हातात घेतले. छोट्या पक्षात भाषण करणारे खूप असतात. मतदार यादीची ताजी प्रत काढणारा, नोटरीकडे रांग लावणारा, पोचपावती जपणारा माणूस मात्र शोधावा लागतो. आपले बहुतेक छोटे पक्ष मतांनी हरायच्या आधी कागदावर हरतात, असं माझं पक्कं मत झालं आहे. तुमच्या पक्षात जो कोणी ही फाईल सांभाळतो, त्याच्यासाठी हा लेख आहे.

आधी पायऱ्या समजून घ्या

भारतात निवडणूक लढवायला पक्ष लागतच नाही. पंचवीस वर्षं पूर्ण झालेला, मतदार यादीत नाव असलेला माणूस अपक्ष म्हणून विधानसभा किंवा लोकसभा लढवू शकतो. त्याच्या वरची पायरी नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षाची. आपण ज्यांना छोटे पक्ष म्हणतो ते बहुतेक इथंच असतात. त्याच्या वर राज्यस्तरीय मान्यताप्राप्त पक्ष आणि सगळ्यात वर राष्ट्रीय पक्ष.

मतदान यंत्रावर नावं याच्या उलट क्रमानं लागतात. आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पक्षांचे, शेवटी अपक्ष, आणि प्रत्येक गटात वर्णानुक्रम. पण जागेपेक्षा महत्त्वाचं असतं चिन्ह. मान्यताप्राप्त पक्षाचं चिन्ह राखीव असतं, ते दुसऱ्या कुणाला मिळत नाही. मान्यता नसलेल्या पक्षाला दर निवडणुकीत मुक्त चिन्हांच्या, म्हणजे कुणासाठी राखीव नसलेल्या चिन्हांच्या यादीतून नव्यानं चिन्ह मागावं लागतं.

चिन्हाने काय होतं ते २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. साताऱ्यात शरद पवार यांच्या पक्षाचे शशिकांत शिंदे ‘तुतारी वाजवणारा माणूस’ घेऊन लढले आणि ३२,७७१ मतांनी पडले. त्याच मतदारसंघात नुसत्या तुतारीच्या, म्हणजे लोक जिला पिपाणी म्हणतात त्या चिन्हावरच्या अपक्षाला ३७,०६२ मतं मिळाली. दिंडोरीत तर पिपाणीवाल्या अपक्षाचं आडनावही पक्षाच्या उमेदवारासारखंच होतं आणि त्याला लाखाहून जास्त मतं पडली. तिथं पक्षाचा उमेदवार निवडून आला म्हणून गोष्ट निभावली. एवढा मोठा पक्ष, एवढी मोठी यंत्रणा, तरी ही गत. मग तुमच्या उमेदवाराला एका तालुक्यात बादली आणि शेजारच्या तालुक्यात पतंग मिळाला, तर कार्यकर्ता कोणतं चित्र छापणार आणि म्हातारी माणसं काय लक्षात ठेवणार?

म्हणून उद्दिष्ट दोन आहेत. पक्षाची नोंदणी करून घ्यायची, आणि सगळ्या उमेदवारांना एकच चिन्ह मिळवायचं.

स्थापनेची सभा सगळ्यात शेवटी घ्या

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम २९अ खाली पक्षाची नोंदणी भारत निवडणूक आयोगाकडे होते. हे कलम १९८९ पासून लागू आहे. यातली सगळ्यात जास्त लोकांना अडवणारी अट म्हणजे मुदत. पक्ष स्थापन झाल्याच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत अर्ज दिल्लीला आयोगाच्या सचिवांकडे पोचायला हवा.

आपल्याकडे उत्साह कसा असतो ते मला ठाऊक आहे. शिवजयंतीला किंवा १४ एप्रिलला मेळावा घ्यायचा, झेंडा फडकवायचा, पक्षाची घोषणा करायची, वर्तमानपत्रात फोटो आणायचा. मग कागदाला सुरुवात होते आणि शंभर माणसांची शपथपत्रं गोळा करता करता महिना संपतो. मुदत टळलेला अर्ज आयोग विचारात घेत नाही. मग पुन्हा सभा, पुन्हा ठराव, पुन्हा तारीख. म्हणून उलट क्रमानं चला. आधी माणसं ठरवा, घटना लिहून काढा, सगळे नमुने टाईप करून ठेवा, आणि ज्या दिवशी फक्त तारीख टाकून सही करायची बाकी राहील त्या आठवड्यात स्थापनेची औपचारिक सभा घ्या. मेळावा नंतर कधीही होतो.

शंभर सभासद. नोंदणीच्या वेळी पक्षाचे किमान १०० सभासद मतदार असायला हवेत आणि त्या प्रत्येकाचं वेगळं प्रतिज्ञापत्र लागतं की मी मतदार आहे आणि दुसऱ्या कोणत्याही नोंदणीकृत पक्षाचा सभासद नाही. प्रतिज्ञापत्र प्रथमवर्ग दंडाधिकारी, शपथ आयुक्त किंवा नोटरीसमोर करायचं आणि सोबत मतदार यादीतल्या नोंदीचा पुरावा जोडायचा.

हे वाक्य सही करायला सोपं दिसतं. पण कुणी मेळाव्यात पावती फाडलेली असते, कुणी नुसता मिस्ड कॉल दिलेला असतो आणि एका मोठ्या पक्षाचा सभासद झालेला असतो. त्याच्या ते लक्षातही नसतं. प्रतिज्ञापत्र म्हणजे शपथेवरचं विधान आहे. प्रत्येकाला समोर बसवून विचारा, “काका, आधी कुठल्या पक्षाचं सभासदत्व घेतलं होतं का?” होतं म्हणाले तर आधी लेखी राजीनामा पाठवायला लावा आणि त्याची प्रत ठेवून घ्या. शंभरावर थांबू नका. मी सव्वाशे माणसांची तयारी करतो. कुणाचं नाव यादीत वेगळ्या पद्धतीनं छापलेलं असतं, कुणी ऐन वेळी ऊसतोडीला जातं, कुणाची मुलं म्हणतात सही करू नका.

पक्षाचं नाव. आधी नोंदणी झालेल्या पक्षाशी मिळतंजुळतं नाव मान्य होत नाही. देशात असे पक्ष हजारोंनी आहेत आणि ‘जनता’, ‘समाज’, ‘विकास’, ‘आघाडी’ हे शब्द किती जणांनी वापरले आहेत ते आयोगाच्या संकेतस्थळावरची यादी पाहिली की कळतं. नाव ठरवण्याआधी ती यादी शेवटपर्यंत वाचा. दोनतीन पर्यायी नावंही मनात तयार असू द्या.

पक्षाची घटना. घटनेत एक तरतूद असायलाच हवी. पक्ष भारताच्या संविधानावर आणि समाजवाद, धर्मनिरपेक्षता व लोकशाही या तत्त्वांवर खरी श्रद्धा व निष्ठा बाळगेल आणि भारताचं सार्वभौमत्व, एकता व अखंडता उन्नत राखेल. हे कलम २९अ(५) चं वाक्य आहे. ते जसं आहे तसं घ्या, आपली भाषा सुधारायला जाऊ नका. याशिवाय पदाधिकाऱ्यांच्या ठराविक मुदतीनं निवडणुका कशा होतील, घटनादुरुस्ती, विलीनीकरण आणि विसर्जन कसं होईल, हिशेब कसे ठेवले जातील, आणि नोंदणीपासून पाच वर्षांच्या आत पक्ष आयोगाने घेतलेली एखादी निवडणूक लढवेल, हे सगळं घटनेत हवं.

इथं एक कळकळीची गोष्ट सांगतो. बरेच जण दुसऱ्या पक्षाची घटना घेतात आणि नाव बदलतात. पुढे पक्षात भांडण झालं की तीच घटना आयोगासमोर उघडली जाते. अध्यक्षाला कोण काढू शकतं, सर्वसाधारण सभा कोण बोलावतं, गणसंख्या किती, हे तुमच्या पाचपन्नास माणसांच्या पक्षात खरोखर पाळता येईल असं लिहा. दर तीन महिन्यांनी राष्ट्रीय परिषद घ्यायची असं लिहून ठेवता आणि परिषद एकदाही होत नाही, मग तो कागद तुमच्याच विरुद्ध वापरला जातो.

अर्ज आणि त्यानंतरची वाट

अर्ज पक्षाच्या लेटरहेडवर, अध्यक्ष किंवा सरचिटणीस अशा प्रमुखाच्या सहीने. सोबत १०,००० रुपयांचा डिमांड ड्राफ्ट. हे पैसे परत मिळत नाहीत. समक्ष द्या किंवा पोस्टाने पाठवा. माझा सल्ला समक्ष देण्याचा आहे. दिल्लीचं रेल्वेचं भाडं जातं, पण अशोका रोडवरच्या निर्वाचन सदनाच्या शिक्क्याची पोच हातात येते. १ जानेवारी २०२० पासून अर्जाची स्थिती ऑनलाइन पाहता येते, तेव्हा अर्जात मोबाईल क्रमांक आणि ई-मेल टाकताना पक्षात कायम राहणाऱ्या माणसाचा टाका. आम्ही एकदा एका उत्साही पोराचा ई-मेल टाकला होता. तो नोकरीला पुण्याला गेला आणि आयोगाची त्रुटींची यादी त्याच्या मेलमध्ये न वाचता पडून राहिली.

कागद ठीक असले की पक्षाच्या प्रस्तावित नावाची जाहीर सूचना द्यावी लागते. दोन राष्ट्रीय आणि दोन स्थानिक दैनिकांत, दोन दिवस. कुणाची हरकत असेल तर ३० दिवसांत आयोगाला कळवावी अशी ती सूचना असते. छोट्या पक्षाच्या खिशाला सगळ्यात मोठा फटका याच जाहिरातींचा बसतो. त्याची तरतूद मंडप आणि लाऊडस्पीकरच्या आधी करा.

या सगळ्याला महिने लागतात. निवडणुकीला वर्षभर असताना अर्ज गेला पाहिजे, असं मी धरून चालतो.

एकच चिन्ह: परिच्छेद १०ब

निवडणूक चिन्हे (आरक्षण व वाटप) आदेश १९६८ मध्ये परिच्छेद १०ब आहे. मान्यता नसलेल्या नोंदणीकृत पक्षाला सगळ्या उमेदवारांसाठी एकच मुक्त चिन्ह मागता येतं ते याच परिच्छेदाखाली. छोट्या पक्षाचं सगळं नशीब यावर अवलंबून असूनही कित्येक पदाधिकाऱ्यांना त्याचं नावही ठाऊक नसतं.

विधानसभेला राज्यातल्या एकूण जागांच्या किमान ५ टक्के जागांवर उमेदवार द्यावे लागतात. महाराष्ट्रात २८८ चे पाच टक्के म्हणजे १५ जागा, गोव्यात ४० पैकी २. लोकसभेसाठी राज्यात किमान दोन जागा. अर्जासोबत मुक्त चिन्हांच्या यादीतली दहा चिन्हं पसंतीक्रमानं द्यायची. यादीबाहेरचं हवं असेल तर तीनपर्यंत नवीन चिन्हं रेखाटून सुचवता येतात, पण ती कुणाच्या राखीव चिन्हासारखी दिसता कामा नयेत, धार्मिक किंवा जातीय अर्थाची नसावीत आणि पशुपक्षी तर नाहीच.

अर्जाची खिडकी सभागृहाची मुदत संपण्याच्या सहा महिने आधी उघडते आणि निवडणुकीची अधिसूचना निघण्याच्या पाच दिवस आधी बंद होते. आणि नियम आहे जो आधी येईल त्याला आधी. याचा अर्थ काय ते तामिळनाडूच्या नाम तमिळर कच्ची या पक्षाला विचारा. हा पक्ष ‘ऊस शेतकरी’ या चिन्हावर लढत आला होता, गावागावात ते चित्र पोचलं होतं. २०२४ च्या लोकसभेआधी कर्नाटकातल्या एका छोट्या पक्षाने आधी अर्ज केला आणि चिन्ह त्याला मिळालं. पक्ष दिल्ली उच्च न्यायालयात गेला, तिथं याचिका फेटाळली गेली. शेवटी माईक चिन्ह घेऊन ते लढले. मतं आठ टक्क्यांवर गेली आणि राज्य पक्षाची मान्यताही मिळाली, पण ऐन प्रचारात जुनं चित्र पुसून नवं रंगवायचं काम किती कार्यकर्त्यांच्या पाठीवर पडलं असेल याचा विचार करा.

आपल्याकडे वंचित बहुजन आघाडीनेही हे भोगलं आहे. २०१९ च्या लोकसभेला कपबशी आणि त्याच वर्षी विधानसभेला गॅस सिलिंडर. सहा महिन्यांत चिन्ह बदललं की खालच्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं.

म्हणून खिडकी उघडते त्या दिवसाची तारीख काढा आणि त्याच सकाळी अर्ज आत गेला पाहिजे. दहा चिन्हं निवडताना कागदावर शोभणारं चित्र घेऊ नका. ते भिंतीवर चुन्याने काढता येतं का, काळ्यापांढऱ्यात दोन इंचात ओळखू येतं का, आजीला एका शब्दात सांगता येतं का, हे पाहा. शिट्टी चांगली, कारण ती वाजवून दाखवता येते. आणि शेजारच्या मोठ्या पक्षाच्या चिन्हाशी गोंधळ होईल असं चिन्ह घेऊन आपण कुणाची मतं खाणार असू, तर तेही नको. लोकांनी आपल्याला आपलं म्हणून मत द्यावं.

जानेवारी २०२४ पासून १०ब च्या अर्जासोबत मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, देणग्यांचे अहवाल आणि मागच्या निवडणुकांच्या खर्चाची विवरणंही मागितली जातात. म्हणजे ज्या पक्षाने हिशेब दिले नाहीत त्याचं चिन्ह सीएच्या टेबलावर अडकतं. शिवाय एकाच चिन्हाची ही सवलत दोन सार्वत्रिक निवडणुकांपुरती मिळते. त्यानंतर हवी असेल तर आधी तिचा लाभ घेऊन लढताना राज्यात किमान १ टक्का मतं मिळालेली असावी लागतात. महाराष्ट्र विधानसभेच्या हिशेबात हा एक टक्का सहा लाखांहून जास्त मतांचा होतो. पंधरा जागा लढवून ही मतं गोळा होत नाहीत, तेव्हा पहिल्या दोन निवडणुकांतच जागा किती लढवायच्या याचा निर्णय या आकड्याकडे बघून घ्या.

उमेदवारी अर्ज: इथं घाई मारते

मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. तुमच्या उमेदवाराला दहा लागतात आणि दहाही त्याच मतदारसंघातले मतदार हवेत. आमचं काय झालं ते सुरुवातीला सांगितलंच. आता मी असं करतो. एका उमेदवाराला एका मतदारसंघात चार अर्ज भरता येतात आणि अनामत रक्कम एकदाच भरावी लागते. तेव्हा चार अर्ज, चार वेगळ्या दहाजणांचे संच. एकूण चाळीस सूचक. एका अर्जात एक सही चुकली तर तो एकच अर्ज जातो, बाकीचे तीन उभे राहतात.

सूचक निवडताना पुढाऱ्यांना घेऊ नका. त्यांच्यावर दबाव येतो, फोन बंद होतात. घरात राहणारी, पत्ता न बदललेली, ठाम माणसं घ्या. प्रत्येकाचा मतदार क्रमांक अर्ज भरायच्या आठवड्यात ताज्या यादीत पुन्हा शोधा, पुरवणी यादी आणि वगळलेल्या नावांसकट. नवीन लग्न झालेल्या मुली, नुकतंच घर बदललेले भाडेकरू, शिकायला गेलेली पोरं यांची नावं दोनदा तपासा. जो सूचक अंगठा देतो त्याचा अंगठा नुसता उमटवून चालत नाही, तो अधिकाऱ्यासमोर साक्षांकित व्हावा लागतो. ते जमणार नसेल तर सही करणारा सूचक घ्या.

अनामत विधानसभेला १०,००० आणि लोकसभेला २५,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला निम्मी. हरलेल्या उमेदवाराला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली नाहीत तर ती जप्त होते. विधानसभेचा अर्ज नमुना २ब मध्ये आणि लोकसभेचा २अ मध्ये. उमेदवार दुसऱ्या मतदारसंघाचा मतदार असेल तर तिथल्या यादीच्या नोंदीची प्रमाणित प्रत जोडावी लागते. ती तहसील कचेरीतून वेळेवर मिळत नाही, आठ दिवस आधी मागा.

नमुना २६ चं प्रतिज्ञापत्र, म्हणजे गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण. यात एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही. लागू नसेल तिथं ‘लागू नाही’ किंवा ‘निरंक’ लिहायचं. रिकाम्या रकान्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. अधिकारी आठवण करून देतील आणि तरी भरलं नाही तर अर्ज बाद होऊ शकतो. उमेदवारावर गुन्हे असतील तर ते वर्तमानपत्रात आणि वाहिनीवर तीन वेळा जाहीर करावे लागतात आणि असा उमेदवार का निवडला याची कारणं पक्षाने निवडीपासून ४८ तासांत प्रसिद्ध करायची असतात. हा नियम छोट्या पक्षालाही आहे, आणि माझ्या मते असायलाच हवा.

मग एबी फॉर्म. फॉर्म ए म्हणजे पक्षाच्या वतीने सही करायचा अधिकार कुणाला दिला आहे त्याचा कागद, फॉर्म बी म्हणजे अमुक आमचा उमेदवार असं सांगणारा. दोन्ही अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या हातात पडायला हवेत. सही शाईची. रबरी शिक्का किंवा छापील सही चालत नाही, व्हॉट्सअॅपवर आलेला फोटोही चालत नाही. तीन वाजून एक मिनिटानं आलेला एबी फॉर्म म्हणजे तुमचा उमेदवार पक्षाचा नाही आणि पक्षाचं चिन्ह त्याचं नाही. मी फॉर्म शेवटच्या दिवसापर्यंत खिशात ठेवायच्या सवयीच्या विरोधात आहे. बंडखोरीच्या भीतीनं मोठे पक्ष तसं करतात. आपल्याला ते परवडत नाही.

अर्जातच तीन चिन्हं पसंतीनं लिहायची असतात. १०ब खाली चिन्ह मिळालेलं असेल तर तेच पहिलं लिहा. मिळालेलं नसेल तरी मुक्त चिन्हांच्या वाटपात नोंदणीकृत पक्षाच्या उमेदवाराला अपक्षाच्या आधी मान मिळतो.

आणि शपथ. अर्ज दिल्यावर उमेदवाराने संविधानावरील निष्ठेची शपथ घ्यायची असते आणि ती छाननीच्या दिवसाच्या आधी. छाननीच्या सकाळी घेतो म्हटलं तर उशीर झालेला असतो. अर्ज दिला त्याच टेबलाशी उभं राहून शपथ घ्या आणि त्याचं प्रमाणपत्र मागून घ्या.

नगरपालिका आणि जिल्हा परिषदेसाठी वेगळं दार

इथं पुष्कळांची फसगत होते. दिल्लीच्या आयोगाकडे पक्ष नोंदला म्हणजे नगरपालिकाही लढता येईल असं वाटतं. महाराष्ट्रात महापालिका, नगर परिषद, नगर पंचायत, जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि त्याच्याकडे पक्षाची वेगळी नोंदणी लागते. (ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर होतच नाही.) जुलै २०१६ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने १९१ पक्षांची नोंदणी रद्द केली. कारण आयकर विवरणपत्रं आणि लेखापरीक्षित हिशेब दिले नव्हते. त्यात एमआयएमसारखा आमदार असलेला पक्षही होता.

तरीही छोट्या पक्षाने सुरुवात इथूनच करावी असं मला वाटतं. प्रभाग लहान, खर्च आवाक्यात, आणि सूचक शोधायला गल्लीच पुरते.

निवडणूक संपली की खरं काम

निकालानंतर मंडप निघतो, कार्यकर्ते आपापल्या शेतावर जातात. फाईलवाल्याच्या तारखा मात्र तेव्हाच सुरू होतात. उमेदवाराने निकालापासून ३० दिवसांत आपला खर्च जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे द्यायचा. दिला नाही तर तीन वर्षं निवडणूक लढवायला अपात्र ठरू शकतो, आणि छोट्या पक्षांचे चांगले उमेदवार असेच वाया जातात. पक्षाने आपल्या खर्चाचं विवरण विधानसभेनंतर ७५ आणि लोकसभेनंतर ९० दिवसांत द्यायचं. दरवर्षी ३१ ऑक्टोबरपर्यंत लेखापरीक्षित हिशेब. २०,००० रुपयांवरच्या देणग्यांचा अहवाल नमुना २४अ मध्ये. एकही देणगी नसेल तरी निरंक अहवाल द्या, कारण कोरी जागा आणि निरंक यात आयोग फरक करतो. मान्यता नसलेल्या पक्षाने हे कागद आपल्या राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे द्यायचे असतात. २०२३ पासून ऑनलाइन भरायचीही सोय आहे.

२,००० रुपयांवरची देणगी रोख घेतलीत तर आयकराची सवलत जाते. परदेशी पैसा तर कायद्यानेच बंद आहे. आणि कुणी गोड बोलून आलं की ‘साहेब, चेकने देणगी घ्या, कमिशन ठेवून बाकी रोख परत करा’, तर त्याला दारातून परत पाठवा. नावापुरत्या पक्षांनी हा धंदा केल्यामुळेच प्रामाणिक छोट्या पक्षांकडे संशयाने बघितलं जातं.

पत्ता बदलला, अध्यक्ष बदलला, कार्यालय हललं, तर आयोगाला लगेच कळवायचं असतं. आपल्या छोट्या पक्षांचं कार्यालय म्हणजे अध्यक्षांचं घर किंवा कुणाच्या दुकानावरचा माळा. अध्यक्ष बदलले की पत्ता बदलतो आणि कुणी कळवत नाही. मे २०२२ मध्ये आयोगाने ८७ पक्ष यादीतून काढले, कारण प्रत्यक्ष पडताळणीत ते दिलेल्या पत्त्यावर सापडलेच नाहीत.

पक्षाची नोंदणी पूर्णपणे रद्द करण्याचा अधिकार आयोगाला फार थोड्या कारणांपुरता आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये म्हटलं. फसवणुकीने नोंदणी मिळवली, पक्षाने संविधाननिष्ठेची तरतूद सोडली, किंवा सरकारने पक्ष बेकायदा ठरवला, अशी ती कारणं. पण यादीतून वगळणं ही गोष्ट आयोग करतो आणि त्यानं सवलती व चिन्ह दोन्ही हातचं जातं. ९ ऑगस्ट २०२५ ला ३३४ पक्ष वगळले. २,८५४ मधले २,५२० उरले. त्यांचा दोष असा की २०१९ पासून सहा वर्षांत एकही निवडणूक लढवली नाही. सप्टेंबरमध्ये आणखी ४७४ वगळले. मग ज्यांनी निवडणुका लढवल्या पण तीन वर्षांचे हिशेब किंवा खर्चाची विवरणं दिली नाहीत, अशा ३५९ पक्षांवरही कारवाई सुरू झाली.

अशा वेळी राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडून कारणे दाखवा नोटीस येते आणि सुनावणी होते. तिथं तोंडी बोलून काही होत नाही. दरवर्षीची पोचपावती वर्षवार लावलेली एक फाईल पुढे ठेवा. पक्षाच्या वतीने एखादा उमेदवार अगदी पोटनिवडणुकीत उभा केला असेल तर त्याच्या चिन्हवाटपाची प्रत त्यात असू द्या. वगळल्याचा आदेश आलाच, तर ३० दिवसांत आयोगाकडे दाद मागता येते.

मान्यतेची पायरी

राज्य पक्ष व्हायला पाच वाटा आहेत. विधानसभेत ६ टक्के मतं आणि २ आमदार. लोकसभेत ६ टक्के आणि १ खासदार. विधानसभेच्या ३ टक्के किंवा ३ जागा, यातला जो आकडा मोठा असेल तो, म्हणजे महाराष्ट्रात ९ आमदार. दर २५ लोकसभा जागांमागे किंवा त्याच्या भागामागे एक खासदार, म्हणजे आपल्याकडे २. आणि २०११ पासून पाचवी वाट, एकही जागा न जिंकता नुसती ८ टक्के मतं.

मला यातली चौथी आणि पाचवी वाट छोट्या पक्षांनी नीट अभ्यासावी असं वाटतं. तामिळनाडूत विडुदलै चिरुत्तैगळ कच्चीने २०२४ मध्ये लोकसभेच्या दोनच जागा लढवल्या, दोन्ही जिंकल्या आणि राज्य पक्ष झाला. गोव्यात रिव्होल्युशनरी गोवन्स पार्टीने २०२२ मध्ये फुटबॉल चिन्हावर पहिलीच विधानसभा लढवली. सांत आंद्रेची एकच जागा आली, पण मतं आठ टक्क्यांच्या पुढे गेली आणि त्यांनाही मान्यता मिळाली. एकाने ताकद दोन ठिकाणी साठवली, दुसऱ्याने ती राज्यभर पसरली. तुमची माणसं कुठं आहेत ते पाहून वाट निवडा. दोन्ही एकदम करायला गेलेले पक्ष मी मधेच बसलेले पाहिले आहेत.

मिळालेली मान्यता कायमची नसते. महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे २००९ मध्ये १३ आमदार होते, २०१४ आणि २०१९ मध्ये एकेक, २०२४ मध्ये एकही नाही. २०१६ च्या दुरुस्तीनंतर एका वाईट निवडणुकीने लगेच मान्यता जात नाही, पुढच्या निवडणुकीची संधी मिळते. मान्यता गेली तरी चिन्ह आदेशाच्या परिच्छेद १०अ खाली पुढची सहा वर्षं जुनं चिन्ह मागता येतं. पण मागावं लागतं, आपोआप येत नाही, आणि त्या मागणीच्या अर्जालाही तारीख असते.

मान्यता मिळाली की पुढच्या निवडणुकीत उमेदवारी अर्जाचा पहिला भाग भरायचा, त्यात एकाच सूचकाची सही घ्यायची, आणि दहा सूचकांच्या दुसऱ्या भागावर आडवी रेघ मारायची.